तळ्याची जागा आणि घरकुलाची रांग

(शिरूर अनंतपाळ येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



पाणथळ जागा वाचवा, असं कुणी म्हटलं की आपल्याकडच्या बाईला हसू येतं. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात पाणथळ कुठून आलं? पण जिथे पाणी वर्षातून चार महिनेच साचतं, तिथे त्याची जागा लवकर जाते. उन्हाळ्यात तळं कोरडं दिसतं. कोरडं दिसलं की मुरमाच्या गाड्या येतात, मग चुन्याच्या रेघा, मग प्लॉट.

तिकडे नवी मुंबईत नेरूळच्या पाणथळीवर गोल्फचं मैदान आणि इमारती होणार होत्या. लोक उच्च न्यायालयात गेले आणि 2018 साली न्यायालयाने ते अडवलं. चांगलंच झालं. तिथे रोहित पक्षी येतात, त्यांचे फोटो छापून येतात. आपल्या तळ्यावर म्हशी येतात आणि धुणं घेऊन बाया येतात. त्यांचे फोटो कोण काढणार?

कायद्यातही हाच फरक दिसतो. केंद्र सरकारच्या 2017 च्या पाणथळ नियमांतून पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले साठे वगळले आहेत. मराठवाड्यात आपोआप झालेली सरोवरं किती? आपलं पाणी बहुतेक माणसानेच अडवलेलं. म्हणजे त्या नियमांचं छत्र आपल्या बहुतेक तळ्यांवर नाही.

मग काय आहे? सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आहेत. 2001 चा हिंचलाल तिवारी खटला उत्तर प्रदेशातल्या एका गावतळ्याचा. तळ्याची जागा लोकांना घरासाठी वाटली होती. न्यायालय म्हणालं, तळ्याची जागा घरासाठी देता येणार नाही. पुढे 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात, पंजाबातल्या गावतळ्यावर बांधलेल्या घरांबद्दल, न्यायालयाने सगळ्याच राज्यांना सांगितलं की गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा.

इथे मला थोडं थांबायचं आहे. हा निकाल हातात घेऊन अधिकारी निघाले की आधी कुणाच्या दारात उभे राहतात? प्लॉटिंगवाल्याकडे एनएचा कागद असतो, वकील असतो. तळ्याच्या कडेला पत्र्याचं खोपट घालून राहिलेल्या परित्यक्तेकडे काहीच नसतं. म्हणून त्याच निकालातलं दुसरं वाक्यही पाठ करा : भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारनेच पट्टा दिला असेल, तर अपवाद म्हणून ते नियमित करता येतं. तळं वाचवायचं म्हणून आपल्यातल्याच बाईला उघड्यावर काढायचं, असलं पर्यावरण आपल्याला नको.

घर तर हवंच आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यात किमान 269 चौरस फुटांचं घर मिळतं, आणि ते नवरा-बायको दोघांच्या नावे किंवा बाईच्या नावे करायचं असं योजनेतच आहे. हे काही कुणी आपण होऊन दिलेलं नाही, घरावर बाईचं नाव लागावं म्हणून बायका वर्षानुवर्षं भांडल्या आहेत. पण ज्यांना जागाच नाही, त्यांचं नाव यादीत असून काय उपयोग? जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पैसे मिळतात. त्या पैशांत स्वस्त जागा शोधायची, आणि गावात सगळ्यात स्वस्त कुठली, तर खोलगटातली, जिथे पाणी साचतं तीच!

जुनी माणसं पांढरीत राहायची आणि काळीत पेरायची. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; वर बांधलेल्या भिंतीही तिच्याबरोबर हलतात. तळ्यात भराव टाकून बांधलेल्या घराला तडे जातात आणि दोन हप्त्यांचं सिमेंट वाया जातं. तळ्याखालच्या विहिरींना पाझर राहत नाही, बोअर आणखी खोल जातं, आणि हंडा कुणाच्या डोक्यावर येतो ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून आपली मागणी एकच ठेवू : घराला जागा द्या, पण उंचावरची, मुरमाड जमिनीवरची द्या, आणि एकट्या बाईला आधी द्या.

शिरूर 1999 साली तालुका झालं, आता इथे नगरपंचायत आहे. नगरपंचायत आली की ग्रामसभा जाते, हे फारसं कुणी बोलत नाही. खेड्यात निदान ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथे उठून विचारता येतं. शहरात जागेचं भवितव्य विकास आराखड्यात ठरतं. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींना 30 दिवस असतात. त्या 30 दिवसांत सुगी असो, लग्नसराई असो, नगरपंचायतीत जाऊन नकाशा बघायचाच. जुन्या गावनकाशात तलाव किंवा ओढा कुठे आहे आणि नव्या नकाशात तिथे कोणता रंग आहे, एवढं ताडून पाहा. निवासी विभागाचा पिवळा रंग असेल तर लगेच हरकत द्या. ती साध्या कागदावर चालते, वकील लागत नाही. दोन प्रती न्या, आणि पोच घेताना तारीख व शिक्का दोन्ही आहेत ना, ते तिथेच उभं राहून बघून घ्या.