घरी शिकवणारे सगळे चर्चवाले नसतात



"म्हणजे तुम्ही आता धार्मिक झालात की काय?" आमची मुलगी शाळेत न जाता घरी शिकते हे कळल्यावर मराठी मंडळींकडून मला हा प्रश्न तीनदा तरी आला आहे. मी जीवशास्त्रात संशोधन करतो, उत्क्रांतीवर पोट भरतो. त्यामुळे प्रश्नाची गंमत वाटते, पण तो अगदीच हवेतला नाही. अमेरिकेत १९९३ पर्यंत सगळ्या पन्नास राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर झालं, त्यामागे इव्हँजेलिकल संघटनांचा मोठा रेटा होता. पण त्यांच्याही आधी जॉन होल्ट होता. हा शाळामास्तर, व्हिएतनाम युद्धाचा विरोधक. त्याचं 'हाऊ चिल्ड्रन फेल' हे पुस्तक १९६४ सालचं. शाळा सुधारतील ही आशा सोडून १९७७ मध्ये त्याने घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक काढलं. त्याला कुणी चर्चवाला म्हणणार नाही.

आता आकडे. केंद्रीय शिक्षणखात्याच्या २००७ च्या पाहणीत ३६ टक्के पालकांनी धार्मिक वा नैतिक शिक्षण हे मुख्य कारण सांगितलं. २०१६ मध्ये सर्वांत वर आलं ते शाळेतलं वातावरण, ३४ टक्के. धार्मिक शिक्षण १६ टक्क्यांवर. (सवयीने एक सूचना: २००७ मध्ये 'धार्मिक' आणि 'नैतिक' एकाच पर्यायात होते, नंतर वेगळे केले. तेव्हा हे आकडे थेट एकमेकांवर ठेवू नका.) २०२० च्या साथीत जनगणना खात्याने विचारलं, तेव्हा वसंतात ५.४ टक्के आणि शरदात ११.१ टक्के घरांत होमस्कूलिंग होतं. कृष्णवर्णीय कुटुंबांत ३.३ वरून थेट १६.१. साथ हे कारण होतंच. पण शाळेत आमच्या मुलाला शिक्षा लवकर होते आणि त्याच्याकडून अपेक्षा कमी ठेवतात, असं सांगणारे कृष्णवर्णीय पालक साथीच्या आधीपासून होते.

आपल्या लोकांचा दुसरा तर्क म्हणजे स्पेलिंग बी. पोरीला पुढे दामटायचं असणार! आमच्याकडे नेमकं उलट आहे. तिला डिस्लेक्सिया आहे. कायद्याप्रमाणे शाळेने तपासणी करून तिच्यासाठी योजना आखायची असते. आखलीही, कागदावर उत्तम होती. प्रत्यक्षात आठवड्याला अर्धा तास, तोही शिक्षिका रजेवर नसली तर. तिसरीत असताना रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. रविवारी कधी दुखलं नाही. आम्ही वर्षभर वाट पाहिली आणि मग तिला काढलं. मुलांत मिसळणार कशी, हेही विचारतात. लायब्ररी आहे, पोहणं आहे, रविवारची मराठी शाळा आहे, इतर पालकांचा गट आहे. मिसळते.

एक प्रश्न मात्र मला आजवर कुणीही विचारलेला नाही: हे सगळं करतं कोण? माझी बायको करते. रसायनशास्त्रातली एम.एस्सी. आहे ती, आणि नोकरी अर्ध्यावर आणली आहे ती तिने, मी नव्हे. आम्ही हिशेब मांडला, तेव्हा माझा पगार जास्त होता म्हणून तसं ठरलं. असे हिशेब बहुतेक घरांत एकाच बाजूला झुकतात. पुरोगाम्यांनी होमस्कूलिंगवर टीका करायची तर इथून सुरू करावी. बायबलवरून नको.

दुसरी टीका देखरेखीची. आम्ही सुरुवात केली तेव्हा न्यू जर्सीत शाळेला एक पत्र दिलं, संपलं. मुलगी काय शिकते हे कुणी विचारलं नाही. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये वर्षाचा आराखडा आणि चार अहवाल द्यावे लागतात. मला न्यूयॉर्कची पद्धत पटते. माझ्या ओळखीच्या बऱ्याच होमस्कूलर मंडळींना पटत नाही, आणि त्यावरून आमचं वाजतं. घरात मुलाची आबाळ होत असेल तर ते बाहेरच्या कुणाला तरी दिसायला हवं.

सावित्रीबाई आणि जोतिरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. आपल्यासाठी शाळा म्हणजे सुटका, आणि घर म्हणजे जिथे जात आणि बाईपण शिकवलं जातं ती जागा. म्हणून शाळा सोडणाऱ्याकडे आपण संशयाने पाहतो, आणि तो संशय मला समजतो. आम्ही आजही शाळेचा कर भरतो, शाळेच्या बजेटच्या बाजूने मत देतो. पुढच्या वर्षी मिडल स्कूल. मुलगी परत जायचं म्हणते आहे, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला. वाचन आता बरंच सुधारलंय, तेव्हा बहुधा जाईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.