क्वोरिडॉरचा प्रारंभ : पहिली भिंत कोठे असावी?

मिर्को मार्केसी यांनी रचलेला आणि 1997 मध्ये जिगामिक या फ्रेंच कंपनीने बाजारात आणलेला क्वोरिडॉर हा खेळ नियमांच्या दृष्टीने बुद्धिबळापेक्षा कितीतरी सोपा आहे. 81 घरांच्या चौरस पटावर प्रत्येक खेळाडूचे एकच प्यादे आपल्या पहिल्या ओळीच्या मध्यावर उभे असते आणि समोरची शेवटची ओळ जो आधी गाठतो तो जिंकतो. दोघांच्या डावात प्रत्येकाजवळ 10 भिंती असतात. आपल्या पाळीला प्यादे एक घर सरकवावे किंवा दोन घरांच्या लांबीची एक भिंत घरांमधल्या खाचेत रोवावी, यांपैकी एकच गोष्ट करता येते, आणि रोवलेली भिंत डाव संपेपर्यंत हलत नाही.

नवखा खेळाडू सुरुवातीलाच प्रतिस्पर्ध्यासमोर आडवी भिंत घालतो; परंतु मोकळ्या पटावरची एकटी भिंत वळशाचे एकच पाऊल वाढवते आणि ती घालण्यात स्वतःचीही एक खेळी जात असल्याने, हिशेब जिथल्या तिथे राहून एक भिंत मात्र खर्ची पडते. शिवाय दोन्ही प्यादी एकमेकांना ओलांडून गेलेली नसताना मध्ये रोवलेली भिंत घालणाऱ्याच्याही वाटेत येते.

म्हणून जाणते खेळाडू बहुधा प्रथम तीन-तीन पावले सरळ टाकतात. पांढरे प्यादे चौथ्या ओळीत, काळे त्याच स्तंभात सहाव्या ओळीत आणि मध्ये एकच रिकामे घर अशी स्थिती आली, की खरा पेच उभा राहतो. पांढऱ्याने ते घर घेतले, तर समोरासमोर आलेल्या प्याद्यावरून उडी मारण्याच्या नियमामुळे काळे प्यादे एका खेळीत दोन घरे पुढे जाते आणि पांढऱ्याची 4 पावले उरलेली असताना काळ्याची 3 च उरतात. काळ्याने ते घर आधी घेतले, तर हाच लाभ पांढऱ्याला होतो. त्यामुळे दोघांनाही वाट पाहायची असते, आणि त्यासाठी भिंत खर्चणे भाग पडते.

ही भिंत स्वतःच्या प्याद्याच्या पाठीमागे असणे श्रेयस्कर, कारण तो प्रदेश आपण ओलांडलेला असतो, प्रतिस्पर्ध्याला मात्र तो अजून पार करायचा असतो. पहिली तीन पावले खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात ती ही पाठीमागची जागा मिळवून देण्यासाठी.

याहून सूक्ष्म विचार उभ्या भिंतींचा आहे. कोणाचीही वाट पूर्णपणे बंद करता येत नाही, हा या खेळाचा सर्वांत सुंदर नियम होय. एखाद्या प्याद्यापुढे दोन मार्ग असतील, तर प्रतिस्पर्धी ते एका मार्गात खोलवर शिरेपर्यंत थांबून मग त्याचे तोंड बंद करू शकतो आणि सगळी पावले परत फिरवायला लावू शकतो. याउलट लांबचा मार्ग ज्याने उभी भिंत घालून आपणच वेळीच बंद केला, त्याची उरलेली एकमेव वाट नियमाच्या संरक्षणाखाली येते. प्रतिस्पर्धी ती वळणे देऊन लांबवू शकतो, पण तोडू शकत नाही.