फळ्यावरचा अनुस्वार
(हेब्बाळ येथील पालक-मेळाव्यातील व्याख्यान)



हेब्बाळमध्ये २०१८ साली खोदकामात एक वीरगळ सापडला. सुमारे इ. स. ७५० मधील या शिळेवर किट्टय्या नावाच्या वीराचे स्मरण कोरलेले आहे. काळाच्या झिजेने तिच्यावरील काही अक्षरे नुसत्या डोळ्यांना धूसर दिसत होती. बेंगळुरूच्या मिथिक सोसायटीने शिळेचे त्रिमितीय स्कॅनिंग केल्यावर ती स्पष्ट झाली. अक्षर लागले नाही म्हणून अभ्यासकांच्या बुद्धीवर कोणी शंका घेतली नाही. पाहण्याचे साधन सुधारण्यात आले. वर्गातील मुलाच्या वाट्याला हे औदार्य क्वचितच येते.

‘नदी’ आणि ‘नंदी’ यांत अंतर एका टिंबाचे. ‘घन’ आणि ‘धन’, ‘भात’ आणि ‘मात’ यांत अंतर एका लहानशा गाठीचे. येथील मुले कन्नडही शिकतात. त्या लिपीतील द, थ, ध ही अक्षरेही पोटातल्या ठिपक्याने वा बारीक रेघेनेच वेगळी ओळखावी लागतात. मागच्या बाकावरून हे टिंब दिसत नसलेला विद्यार्थी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतो, धडा पाठ करून ‘वाचतो’, आणि तेही जमेनासे झाले की खिडकीबाहेर पाहू लागतो. मग प्रगतिपुस्तकात शेरा येतो : ‘अभ्यासात लक्ष नाही.’

असे मूल तक्रार का करीत नाही? कारण इतरांना काय दिसते, हे त्याला ठाऊकच नसते. दिसणारे धूसर जग हेच त्याचे जग असते. म्हणूनच तक्रारीची वाट पाहणे ही मोठ्यांची चूक ठरते.

दृष्टिदोष सारखे नसतात. ऱ्हस्वदृष्टी असलेल्या मुलाला पुस्तक स्पष्ट दिसते, फळा दिसत नाही. दीर्घदृष्टीचे मूल फळा सहज वाचते. पुस्तक मात्र डोळ्यांवर सतत ताण देऊनच वाचू शकते. थोड्या वेळात त्याचे कपाळ दुखते, ओळ सुटते, वाचन नकोसे होते. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. एका डोळ्याचे चित्र अस्पष्ट असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. दुसऱ्या डोळ्यावर सारा व्यवहार चालल्याने घरात कोणाला संशयही येत नाही. या ‘आळशी डोळ्या’वर सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगला डोळा ठरावीक काळ झाकण्याचा उपचार झाला, तर दृष्टी सुधारण्याची आशा अधिक असते, पुढे ती कमी होत जाते. येथे उशिराची किंमत परीक्षेच्या गुणांपुरती राहत नाही.

तपासणीचे साधन जुने आणि साधे आहे. डच नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली अक्षरतक्ता तयार केला. सहा मीटरवरून, एकेक डोळा झाकून तो वाचावयाचा असतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून घेतलेली चाचणी आळशी डोळा लपवते. तक्ता वाचता आला तरी डोकेदुखी राहिली, तर नेत्रतज्ज्ञांकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी. २०१३ साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दृष्टिदोषाचाही समावेश आहे.

अडथळा साधनांचा कमी आणि समजुतींचा अधिक आहे. चष्म्याने नंबर वाढतो, ही समजूत निराधार आहे. मुलीला चष्मा लागला तर तिच्या लग्नाचे कसे होणार, या चिंतेपायी तिची शाळेची वर्षे धूसर करणे हा अन्याय आहे.

अर्थात वाचनातील प्रत्येक अडचण डोळ्यांची नसते. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यातच ज्याला अडचण येते, त्याला चष्मा नव्हे, वेगळ्या अध्यापनाची गरज असते. परंतु हे ठरविण्यापूर्वी डोळे तपासलेले असावेत, हाच क्रम योग्य होय.

पालकांनी शाळाप्रवेशाच्या वेळी आणि त्यानंतर दरवर्षी पाल्याचे डोळे तपासून घ्यावेत. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला काही देऊ इच्छिले, तर तपासणीनंतर लागणाऱ्या चष्म्यांचा भार उचलावा. आणि ‘लक्ष नाही’ असा शेरा लिहिण्यापूर्वी शिक्षकाने एक प्रश्न अवश्य विचारावा : “बाळ, फळ्यावरचा अनुस्वार तुला दिसतो का?”