घरापासून कामापर्यंत : सोलापूरकरांसाठी आगगाडी, विमान की मोटार?

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सोलापूरहून पुण्याला किंवा मुंबईला जावयाचे झाल्यास कशाने जावे, हा प्रश्न एके काळी कोणाला पडत नसे. गाडीची वेळ ठरलेली असे आणि त्या वेळेभोवती माणूस आपले काम बसवीत असे. आज आगगाडीला चौपदरी महामार्गाची जोड मिळाली आहे आणि होटगी रस्त्यावरील विमानतळावरून विमानही उडू लागले आहे. साधने वाढली की सोय वाढते, तशी निवडीची जबाबदारीही वाढते. मंत्रालयातील बैठकीस निघालेला अधिकारी, प्रशिक्षणास जाणारा शिक्षक, गावच्या योजनेचा पाठपुरावा करणारा सरपंच या तिघांचाही प्रवास बहुधा सार्वजनिक पैशातून होतो आणि त्यांच्या गैरहजेरीत कार्यालय, वर्ग किंवा ग्रामपंचायत खोळंबून राहते. म्हणून वाहनाची निवड ही निव्वळ वैयक्तिक आवडीची बाब राहत नाही.

लोहमार्गाचा वारसा

मुंबईतील बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत, म्हणजे १८६० साली, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ सोलापूरपर्यंत येऊन पोहोचले. पुढे १८७१ मध्ये हा मार्ग रायचूरपर्यंत गेला आणि मुंबई व मद्रास ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली. कापूस, सूत आणि कापड यांवर उभ्या राहिलेल्या या शहराच्या भरभराटीत रेल्वेचा वाटा मोठा आहे. गिरणीचा भोंगा आणि गाडीची शिटी या दोन आवाजांवर इथल्या कित्येक पिढ्यांची घड्याळे चालली.

पुण्याला नेणाऱ्या ‘हुतात्मा एक्स्प्रेस’च्या नावातही सोलापूरचा इतिहास आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार सोलापूरकरांना १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. १९३० सालच्या मार्शल लॉच्या दिवसांतील लढ्याची ती किंमत होती. ज्या शहरात त्यांनी देह ठेवला त्या शहराकडे त्यांच्या स्मृतीची गाडी रोज जाते. ग्रामदैवताचे नाव धारण करणारी ‘सिद्धेश्वर एक्स्प्रेस’ रात्री निघून सकाळी मुंबईत पोहोचते. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-सोलापूर ‘वंदे भारत एक्स्प्रेस’ सुरू झाली. सुमारे ४५५ किलोमीटरचे अंतर ती साधारण साडेसहा तासांत कापते आणि सदतिसात एक चढ असलेला बोरघाट मागून जोर लावणाऱ्या इंजिनावाचून चढून जाते. दौंड ते सोलापूर पट्ट्यातील दुहेरी मार्गाचे काम २०२२ साली पुरे झाले, त्यामुळे समोरच्या गाडीसाठी स्थानकात ताटकळण्याचा जुना त्रासही पुष्कळ उणावला.

धुराडे आणि धावपट्टी

विमानाचा पर्याय सोलापूरला सहजासहजी मिळालेला नाही. विमानतळानजीकच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाचे सुमारे ९० मीटर उंचीचे धुराडे उड्डाणमार्गात अडथळा ठरत होते. एका बाजूस शहराची हवाई सेवेची मागणी होती. दुसऱ्या बाजूस हजारो ऊसउत्पादक सभासदांच्या कष्टातून उभा राहिलेला प्रकल्प होता. वाद अनेक वर्षे चालला, न्यायालयात गेला, आणि अखेरीस १५ जून २०२३ रोजी स्फोटकांच्या साहाय्याने ते धुराडे पाडण्यात आले. काही क्षणांत जमीनदोस्त झालेले ते बांधकाम पाहताना कोणाला शहराचे भविष्य दिसले, तर कोणाला आपल्या उसाचे नुकसान. दोन्ही भावना खऱ्या होत्या.

त्यानंतर २९ सप्टेंबर २०२४ रोजी नूतनीकृत विमानतळाचे उद्घाटन झाले. वर्षाला सुमारे ४ लाख १० हजार प्रवाशांची सोय होईल, अशी या इमारतीची क्षमता आहे. ९ जून २०२५ रोजी गोव्याची आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. मुंबईच्या सेवेला राज्य शासनाने आर्थिक साहाय्य देऊ केले. तेव्हा या विमानाच्या आसनामागे शेतकऱ्याचा त्याग आणि करदात्याचा पैसा असे दोन्ही उभे आहेत, याचे भान असावे. या सुविधेचा उपयोग जरूर करावा, परंतु ज्या कामाला ती खरोखर उपयोगी पडते त्या कामासाठी करावा.

घड्याळाचा हिशेब

प्रवासाचा वेळ मोजताना बहुतेकांची एक चूक होते. गाडी सुटल्यापासून ती पोहोचेपर्यंतचा वेळ धरला जातो. वास्तविक हिशेब घराच्या उंबरठ्यापासून कामाच्या दारापर्यंत करावयास हवा.

प्रथम पुण्याचे पाहू. अंतर रस्त्याने सुमारे २५० किलोमीटर आहे. हुतात्मा एक्स्प्रेसला चार तासांच्या आसपास लागतात. मोटारीलाही चार ते पाच तास पुरतात. मात्र हडपसरच्या अलीकडे वाहनांच्या रांगेत अर्धा-पाऊण तास गेला, तर मोटारीचा फायदा तेथेच संपतो. काम पुणे स्थानकाच्या परिसरात, जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा मध्यवर्ती इमारतीत असेल तर आगगाडी सरस ठरते. काम दोन-तीन ठिकाणी विखुरलेले असेल, किंवा प्रवासी मूळचा लोहमार्गापासून दूरच्या गावचा असेल, तर मोटार सोयीची. मंगळवेढ्याच्या माणसाने आधी उलट दिशेला सोलापुरात येऊन मग पुण्याची गाडी धरणे म्हणजे वेळेचा अपव्ययच होय. अशाने मोहोळ किंवा कुर्डुवाडी गाठावी, अथवा सरळ एस.टी.ने जावे.

मुंबईचा हिशेब अधिक उद्बोधक आहे. समजा, मंत्रालयात सकाळी ११ वाजता बैठक आहे. वंदे भारत सोलापूरहून पहाटे सहाच्या सुमारास निघून दुपारी साडेबाराच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोहोचते; म्हणजे बैठक हुकली. परतीची वंदे भारत चारच्या सुमारास सुटते. तेव्हा मधल्या साडेतीन तासांत आटोपणाऱ्या कामासाठीच ही गाडी एका दिवसाच्या जाण्यायेण्यास उपयोगी. याउलट, आदल्या रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालेला माणूस सकाळी मुंबईत असतो, पूर्ण दिवस काम करतो आणि रात्री त्याच नावाच्या गाडीने निघून दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या कार्यालयात हजर होऊ शकतो. मुक्कामाचा खर्च नाही, रजा नाही. घड्याळात सर्वांत संथ दिसणारी ही गाडी कामाच्या दिवसाच्या दृष्टीने सर्वांत वेगवान ठरते, कारण तिचा वेळ झोपेच्या वेळेतून जातो.

विमान आकाशात तासाभराच्या आसपास असते. पण विमानतळावर आधी पोहोचणे, तपासणी, मुंबईत उतरून सामान घेणे आणि तेथून शहराच्या दक्षिण टोकाला जाणे हे सारे धरले की चार-साडेचार तास होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो ३ पूर्ण मार्गावर सुरू झाल्याने विमानतळावरून विधान भवन स्थानकापर्यंत थेट जाता येऊ लागले, ही मोठी सोय झाली. ज्याला मुंबईहून पुढे दिल्लीला किंवा परदेशी जावयाचे आहे, त्याच्यासाठी विमान निःसंशय योग्य. इतरांनी मात्र त्या वाराला विमान आहे काय आणि बैठक लांबली तर परतीची दुसरी वाट कोणती, हे पाहूनच तिकीट काढावे.

पैशाचा हिशेब

मोटार स्वस्त की महाग, हे तीत किती माणसे बसली आहेत यावर अवलंबून आहे. लिटरला १६ किलोमीटर धरल्यास पुण्याच्या एका फेरीस साडेपंधरा लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. लिटरमागे १०० रुपये धरले तरी हा खर्च दीड हजारावर जातो. वर वाटेतील पथकर, टायरची झीज आणि चालकाचा भत्ता. चौघे मिळून गेल्यास इंधनाचा वाटा दरडोई चारशे रुपयांच्या आत येतो. एकटा गेल्यास सारा भार त्याच्यावर किंवा शासनावर पडतो. एकाच दिवशी एकाच बैठकीला एकाच तालुक्यातून तीन मोटारी रिकाम्या आसनांनिशी निघाव्यात, हे चित्र टाळता येण्यासारखे आहे. त्यासाठी आदल्या दिवशी एक दूरध्वनी पुरेसा आहे.

एस.टी.ला या हिशेबात विसरता कामा नये. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या या सेवेने खेड्याला शहर दाखविले. २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला आणि २०२३ पासून महिलांना प्रवासभाड्यात निम्मी सवलत मिळू लागली. रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची सवलत २०२० साली बंद झाली आहे. म्हणजे पंचायत समितीची महिला सदस्य किंवा गावातील वृद्ध दांपत्य यांच्यासाठी स्वस्त साधन कोणते, याचे उत्तर पूर्वीसारखे राहिलेले नाही. पंचायत सदस्यांनी ही माहिती गावात पोहोचवावी.

जिवाचा हिशेब

वेळ आणि पैसा यांच्यावर एक तिसरा हिशेब आहे. बैठक संपवून रात्री नऊला पुण्याहून निघावयाचे आणि दीड-दोनला घरी पोहोचावयाचे, ही सवय अनेकांना लागली आहे. दिवसभर वाट पाहून थकलेला चालक त्या वेळी गाडी हाकीत असतो. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ याने प्रवासी व मालवाहतूक संस्थांतील कामगारांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली, ती शरीराची मर्यादा ओळखूनच. ती मर्यादा साहेबांच्या चालकाच्या शरीरालाही लागू असते.

गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या याच महामार्गावरून जातात. मागे परावर्तक नसलेली ट्रॉली अंधारात जवळ येईपर्यंत दिसत नाही. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्यापुढे काही अंतर याच रस्त्याने चालते, त्या दिवसांत वाहतूक वळविली जाते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेने सोलापूर शहर गजबजते. अशा वेळी आगगाडीच शहाणपणाची. ऊस वाहणाऱ्या गावांच्या पंचायतींनी प्रत्येक ट्रॉलीला परावर्तक लागेल एवढे पाहिले, तरी कित्येक घरांचे दिवे विझायचे वाचतील.

रुग्णाच्या बाबतीत तर निवडीचा क्रमच बदलतो. अत्यवस्थ माणसाला खाजगी मोटारीत घालून थेट पुण्याकडे धावण्यापूर्वी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि जवळच्या सुसज्ज रुग्णालयात त्याची प्रकृती स्थिर करून घ्यावी. सोलापुरात १९६३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वाटेतील चार तास वैद्यकीय मदतीवाचून काढणे हे सर्वांत महागडे धाडस होय.

धुराचा हिशेब

एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कर्बवायू हवेत जातो. पुण्याच्या एका फेरीत मोटार ३५ किलोच्या आसपास वायू सोडते. तो एकट्याच्या नावे लिहावयाचा की चौघांत वाटावयाचा, हे पुन्हा रिकाम्या आसनांवर ठरते. जवळच्या अंतरासाठी विमानाचे इंधन दरडोई सर्वांत अधिक जळते, कारण उड्डाण व चढाई यांतच त्याचा मोठा भाग खर्ची पडतो. विजेवर चालणारी भरलेली आगगाडी या तिन्हींत सौम्य.

जपानने १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो-ओसाका हा ५१५ किलोमीटरचा जलद लोहमार्ग सुरू केला. सोलापूर-मुंबई अंतराहून तो थोडासाच लांब. फ्रान्सने तर जेथे अडीच तासांच्या आत आगगाडीने जाता येते अशा काही मार्गांवरील देशांतर्गत विमाने २०२३ साली कायद्याने बंद केली. गाडी वेगवान आणि वक्तशीर असेल तर मध्यम अंतरावर माणूस आपण होऊन तिच्याकडे वळतो, हा या देशांचा अनुभव आहे. सोलापूरकरांनी विमानाबरोबरच अधिक गाड्यांची आणि कामाला जुळणाऱ्या वेळांची मागणी धरली पाहिजे, ती याचसाठी.

न केलेला प्रवास

शेवटचा पर्याय आगगाडी, विमान व मोटार या तिन्हींहून निराळा आहे. तो म्हणजे न जाणे. दूरदृश्य प्रणालीवर होऊ शकणाऱ्या आढावा बैठकीसाठी आठशे-नऊशे किलोमीटरचे जाणेयेणे कशाला? उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील फिरते खंडपीठ १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. मुंबईचे अनेक हेलपाटे त्यामुळे वाचले. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यामागेही हीच दृष्टी आहे. नागरिकाचे काम त्याच्या गावाजवळ आणि ठरलेल्या मुदतीत झाले, तर त्याला वाहनाची निवड करण्याची वेळच येणार नाही. ज्या टेबलावर एक कागद अडतो, त्या टेबलापायी कोणीतरी शेतकरी एक दिवसाची मजुरी बुडवून एस.टी.त बसलेला असतो.

तेव्हा निघण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःस विचारावेत. जाणे आवश्यक आहे काय? सोबत आणखी कोण येऊ शकेल? घरापासून कामापर्यंत खरा वेळ किती लागेल? आणि परतताना रात्र कोठे होईल? या चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळाली, तर दिवसाच्या पुण्याला बहुधा आगगाडी किंवा भरलेली मोटार, मुंबईच्या पूर्ण दिवसाच्या कामाला रात्रीची गाडी, आणि पुढच्या लांबच्या प्रवासाला किंवा खरोखर निकडीच्या प्रसंगी विमान, असाच निर्णय होईल. वाहन कोणतेही असो, माणूस वेळेवर पोहोचावा, त्याचे काम व्हावे आणि तो सुखरूप घरी परतावा, एवढ्याचसाठी रूळ, रस्ते आणि धावपट्ट्या बांधलेल्या असतात.