पहिली चूक आधी वाचा



अक्षरजुळणीकार, मुद्रितशोधक, प्रकाशक व प्राध्यापक यांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदी आपण माझी निवड केलीत, याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. हा मान मी एका परंपरेच्या वतीने स्वीकारतो. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, रानोजी रावजी आरूंनी त्याच्यासाठी देवनागरी खिळे घडवले आणि बापूराव नाईकांनी १९७१ मध्ये देवनागरी मुद्राक्षरांचा अभ्यास ग्रंथरूपाने आपल्या हाती दिला. या मंडळींनी अक्षर घडवण्याला जेवढा वेळ दिला, तेवढाच ते तपासण्यालाही दिला. आज मी त्या तपासण्याबद्दल बोलणार आहे. संगणकावर पुस्तक जुळवताना मांडणी बिघडते, फाईल कंपाइल होत नाही, तेव्हा चूक शोधायची कशी, हा माझा विषय आहे.

माझी उमेदवारी जुन्या फॉन्टवर झाली. पडद्यावर ‘क’ दिसणारे अक्षर तेव्हा संगणकाच्या लेखी एखादे रोमन अक्षर असे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाईल उघडली, की कादंबरीच्या जागी रोमन अक्षरांचा ढीग दिसायचा. काय बिघडले हे विचारायची सोय नव्हती. पुढे गणिताच्या एका मराठी पुस्तकासाठी मी लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीकडे वळलो आणि तिथे यंत्र पहिल्यांदा माझ्याशी बोलले. अमुक ओळीवर थांबलो, हा शब्द मला ओळखू आला नाही, असे ते सांगत होते. त्या दिवसापासून माझी कामाची रीत बदलली.

लाटेक ज्या पायावर उभे आहे, ती टेक ही प्रणाली डोनाल्ड क्नूथ यांची. १९७७ मध्ये स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे त्यांच्या हाती आली आणि फोटोटाइपसेटिंगमधली ती जुळणी पाहून ते अस्वस्थ झाले. जुन्या धातूच्या जुळणीचा देखणेपणा तिच्यात उतरला नव्हता. त्या अस्वस्थतेतून टेक जन्मले. मला त्यांच्याबद्दल सर्वांत मोठा आदर वाटतो तो त्यांच्या वहीमुळे. टेकमधल्या स्वतःच्या चुकांची नोंद त्यांनी १९७८ पासून ठेवली आणि ती यादी १९८९ मध्ये एका निबंधासह प्रसिद्ध केली. टेकमधली चूक दाखवणाऱ्याला ते चेक पाठवत आणि ती रक्कम वाढत वाढत ३२७.६८ डॉलरवर स्थिरावली. चूक दाखवणाऱ्याचा असा मान राखणाऱ्या माणसाने हे साधन घडवले आहे. ते वापरणाऱ्यांनीही चुकीला अपमान समजू नये. चूक म्हणजे आपल्याला मिळालेली माहिती आहे.

ही माहिती वाचावी कशी? पहिला नियम असा, की पहिली चूक आधी वाचा. कंपाइल केल्यावर शंभर चुकांची यादी आली, तर त्यांतल्या बऱ्याचशा पहिलीच्या पोटातून निघालेल्या असतात. पहिली दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा आणि मग उरलेले पाहा. नवे सहकारी यादीतली शेवटची ओळ वाचतात, कारण पडद्यावर तीच समोर असते. मग अर्धा दिवस चुकीच्या जागी जातो.

दुसरा नियम: यंत्राने ओळ कुठे तोडली ते पाहा. ओळीच्या क्रमांकानंतर ती ओळ दोन तुकड्यांत छापलेली असते. वरचा तुकडा यंत्राने वाचलेला असतो, खालचा वाचायचा राहिलेला असतो. ‘अनडिफाइन्ड कंट्रोल सिक्वेन्स’ असा संदेश असेल, तर वरच्या तुकड्याच्या टोकाला असलेली आज्ञा यंत्राला माहीत नाही. एक तर तिचे स्पेलिंग चुकले आहे, नाहीतर ती ज्या पॅकेजमध्ये आहे ते बोलवायचे राहिले आहे.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. चूक जिथे दिसते, तिथेच झालेली असते असे नाही. तळटीपेचा महिरपी कंस बंद करायचा राहिला, तर यंत्र तळटीप संपायची वाट पाहत पुढचा सगळा मजकूर तिच्यातच ओढत जाते. तक्रार उमटते ती फाईल संपल्यावर. तिसऱ्या पानावरची चूक तीनशेव्या पानावर कळते. अशा वेळी मजकूर अर्ध्यावर कापावा. उत्तरार्ध बाजूला ठेवून कंपाइल करावे. चालले, तर दोष उत्तरार्धात. न चालले, तर पूर्वार्धात. मग त्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा. हजार ओळींची फाईल असली, तरी दहा फेऱ्यांत एका ओळीपाशी पोचता येते. मदत मागतानाही दोष दिसेल एवढाच छोटा नमुना पाठवावा. तो नमुना तयार करता करता उत्तर सापडल्याचा अनुभव मी अनेकदा घेतला आहे.

कधी मजकुरात दोष नसतोच. संदर्भाच्या जागी दोन प्रश्नचिन्हे दिसतात, कारण पानांचे क्रमांक यंत्र एका फेरीत टिपते आणि पुढच्या फेरीत वापरते. पुन्हा कंपाइल केले की काम होते. आधीची फेरी मध्येच तुटली असेल, तर हे क्रमांक जिथे टिपले जातात ती ऑक्स फाईल अर्धवट राहते आणि तीच पुढच्या फेरीला अडवते. ती पुसून टाका, यंत्र नवी करून घेते.

आता आपल्या लिपीकडे येतो. टेक इंग्रजीसाठी घडले. देवनागरीसाठी फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात एक व्यवस्था केली. तिच्यात मजकूर रोमन अक्षरांत टाइप करावा लागे. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचे झीटेक आले आणि युनिकोडमधली मराठी थेट लिहिता येऊ लागली. आज आपण लाटेकची झीलाटेक किंवा लुआलाटेक ही रूपे वापरतो. तरी तीन अडचणी माझ्याकडे नेहमी येतात.

एक, ‘कि’ मधली वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटून पाय मोडलेली दिसतात. फॉन्ट निवडताना लिपी देवनागरी आहे हे यंत्राला सांगितलेले नसते. तेवढे सांगितले, की अक्षरे जागेवर येतात. भाषा मराठी असेही सांगावे, म्हणजे सोय असलेल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाने उमटतात. दोन, ओळी समासात घुसतात. लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेली कामाची नोंद, सांगतो, की ओळ १२ पॉइंटनी रुंद झाली, म्हणजे मजकूर सुमारे चार मिलिमीटर बाहेर गेला. आपले शब्द प्रत्ययांनी लांबतात आणि ते कुठे तोडायचे याचे मराठी नियम भाषा सांगितल्याशिवाय लागू होत नाहीत. तीन, पानावर मोकळी जागा दिसते. तिथे हवे असलेले अक्षरच फॉन्टमध्ये नसते. पूर्वी ही तक्रार फक्त लॉगमध्ये पुरली जाई. २०२१ पासून एका आज्ञेने तिला थेट चुकीचा दर्जा देता येतो. आपल्यापैकी प्रत्येकाने ती आज्ञा आपल्या साच्यात घालून ठेवावी, असा माझा आग्रह आहे.

मित्रहो, इथवरच्या चुका यंत्र सांगते. जी चूक यंत्र सांगत नाही, तिची मला जास्त काळजी वाटते. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहितात. एका प्रकारात साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकतात. फाईल एका प्रणालीतून दुसरीत नेताना एखादी सफाईची आज्ञा ते चिन्ह पुसून टाकते. मग सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ होतात आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेले मानधन ‘आचार्यांना’ मिळते. फाईल विनातक्रार कंपाइल होते. एका पुस्तकाच्या छपाईच्या आदल्या रात्री एका वृद्ध मुद्रितशोधकांनी असा एक शब्द माझ्या नजरेस आणला, म्हणून ते पुस्तक बचावले. नुक्त्याच्या ‘ऱ’पासून हा अर्धा र लिहिला, तर हा धोका टळतो.

‘ॲ’चेही तसेच आहे. त्याला स्वतंत्र जागा २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाली. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र चढवलेला आढळतो. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. म्हणून एकच नाव सूचीत दोन ठिकाणी येते आणि शोध घेणाऱ्याच्या हाती अर्धीच पाने लागतात. मजकूर हाती आल्याबरोबर ही रूपे एकसारखी करून घेणे, हे आता मुद्रितशोधनाचेच काम मानले पाहिजे.

यातून माझ्या तीन मागण्या निघतात. विद्यापीठांनी मराठी प्रबंधासाठी तपासून घेतलेला, मोफत साचा विद्यार्थ्यांना द्यावा. आज प्रत्येक विद्यार्थी त्याच खड्ड्यात नव्याने पडतो. प्रकाशकांनी छापील पुस्तकाबरोबर त्याचा युनिकोडमधला मूळ मजकूरही जपावा, कारण जुन्या फॉन्टमधली पुस्तके तो फॉन्ट गेला की मुकी होतात. आणि मुद्रितशोधकाला प्रकाशकाने जुळणीच्या पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे.

आपल्या सर्वांकडे माझे एकच मागणे आहे. एक वही ठेवा. सोडवलेल्या प्रत्येक अडचणीच्या तीन ओळी मराठीत लिहा: काय दिसले, दोष कुठे होता, कशाने सुटला. आपल्या धंद्यातले ज्ञान आजवर एका जुळाऱ्याकडून दुसऱ्याकडे तोंडीच गेले आणि म्हातारा जुळारी गेला की त्याच्याबरोबर संपले. त्या वृद्ध मुद्रितशोधकांची अशी वही असती, तर त्यांनी पकडलेल्या शेकडो ‘दऱ्या’ आज आपल्या हाती असत्या. ती वही आता आपण लिहायची आहे. पुढच्या परिषदेला येताना ती बरोबर आणा.