दुचाकीचा अपघात आणि जखमीचा हक्क

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. आज त्याच शहरांत सकाळीं नऊच्या सुमारास सिंहगड रस्त्यावर किंवा नगर रस्त्यावर उभें राहिलें, तर डोळ्यांसमोरून अखंड लोंढा वाहतो तो मोटारसायकलींचा व स्कूटरींचा. कचेरींत निघालेला कारकून, महाविद्यालयाचा विद्यार्थी, रुग्णालयांतली परिचारिका, मुलाला शाळेंत सोडावयास निघालेली आई, या साऱ्यांचें वाहन तेंच. मोटारींतल्या माणसाभोंवतीं निदान पत्र्याचें कवच असतें. दुचाकीस्वाराला स्वतःच्या हाडांवांचून दुसरें कवच नाहीं. केंद्र सरकारच्या रस्तेवाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांनीं १,६८,४९१ माणसांचा बळी घेतला. त्यांपैकीं शेंकडा ४४.५ दुचाकीवरचीं होतीं. डोक्यावर हेल्मेट नसलेलीं अशीं ५०,०२९ माणसें त्या एका वर्षांत मेलीं.

मेलेल्यांची निदान वर्तमानपत्रांत एक ओळ येते. त्याच वर्षीं जखमी झालेल्या ४,४३,३६६ माणसांचें पुढें काय झालें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. पायांत सळई घालून खाटेवर पडलेला कर्ता पुरुष, थांबलेला पगार, मोडलेली ठेव आणि गहाण पडलेले दागिने, एवढ्यांतच तो अपघात घरोघर शिल्लक राहतो. अशा घराला कायद्यानें हक्क दिलेला आहे. परंतु त्या हक्काची एक अडचण आहे. न्यायाधीश निकाल देतो तो पुष्कळ दिवसांनीं. आणि ज्या कागदांवरून देतो, ते लिहिले जातात अपघातानंतरच्या पहिल्या चार-दोन दिवसांत, जेव्हां जखमी माणूस शुद्धीवरहि नसतो आणि घरच्यांना कागद सुचत नाहींत.

हा हक्क नवा नव्हे. मोटार वाहनांचा १९३९ सालचा कायदा झाला तेव्हां जखमीला भरपाईसाठीं दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागे. १९५६ च्या दुरुस्तीनें या कामासाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणें नेमण्याची तरतूद झाली, व १९८८ च्या कायद्यानें ती कायम ठेविली. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा, तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता तरी, विमा असलाच पाहिजे अशी सक्ति आहे. तिचा हेतु हाच, कीं धडक देणारा ट्रकचालक कितीहि निर्धन असला तरी जखमीच्या पदरीं भरपाई पडावी.

आतां पहिल्या दिवसाकडे वळावें. जखमीला प्रथम रुग्णालयांत पोंचविलें पाहिजे. आणि पोलीस येईपर्यंत उपचार थांबवितां येत नाहींत, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालींच सांगून ठेविलें आहे. जखमीला उचलून नेणाऱ्या परोपकारी माणसाला २०१९ च्या दुरुस्तीनें संरक्षण दिलें. त्यानें आपलें नांव सांगितलेंच पाहिजे अशीहि सक्ति नाहीं. २०२५ सालीं केंद्र सरकारनें योजना जाहीर केली, तिच्याप्रमाणें नेमलेल्या रुग्णालयांत जखमीवर अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत, रोख पैसे न घेतां उपचार व्हावयाचे आहेत.

परंतु याच घटकेला एक चूक पुष्कळदां घडते. रुग्णालयांतला मनुष्य विचारतो, "कसें लागलें?" पोलीसचौकीचें लचांड मागें नको, म्हणून बरोबरचा मित्र सांगून टाकतो, "गाडी घसरून पडला." तें वाक्य केसपेपरवर जसेंच्या तसें उतरतें. पुढें दावा उभा राहिला कीं विमा कंपनीचा वकील तोच कागद न्यायाधिकरणापुढें ठेवतो आणि म्हणतो, दुसरें वाहन होतेंच कोठें? मागून आलेल्या मोटारीनें धडक दिली हें खरें असूनहि, तें शाबीत करतांना जखमीची दमछाक होते. म्हणून ज्याच्या तोंडून पहिली हकीकत जाईल त्यानें ती खरी व पुरी सांगावी: धडक कोणी दिली, कोणत्या बाजूनें दिली, गाडीचा क्रमांक दिसला असल्यास काय होता. दिसला नसेल तर तसेंच सांगावें. तर्कानें क्रमांक देऊं नये, कारण खोटा ठरलेला एक आंकडा उरलेल्या साऱ्या सत्यावर संशय आणतो.

पोलिसांचें कामहि आतां नियमांनीं बांधलेलें आहे. २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें तपास करणाऱ्या अंमलदारानें अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. तरीहि घरांतल्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसानें स्वतः लक्ष घालावें हें बरें. फिर्यादीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, जागेचीं व मोडलेल्या गाडीचीं छायाचित्रें, पाहणाऱ्या दोघां-तिघांचीं नांवें, औषधांची प्रत्येक पावती, हें सर्व एका पिशवींत राहिलें पाहिजे. फुटलेलें हेल्मेटहि टाकून देऊं नये. तें डोक्यावर होतें याचा तोच साक्षीदार.

दाव्याची मुदत ही दुसरी जपण्याची गोष्ट. २०१९ च्या दुरुस्तीनें अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली व ती १ एप्रिल २०२२ पासून अमलांत आली. त्या मुदतीच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण त्याच्या भरंवशावर जखमीनें बसून राहणें शहाणपणाचें नाहीं. दावा कोठें लावावा याविषयीं मात्र कायदा उदार आहे. लातूरचा किंवा बीडचा मुलगा पुण्यांत शिकतांना जखमी झाला, तर त्याच्या वडिलांनीं तारखेगणिक शिवाजीनगरच्या न्यायालयांत हेलपाटे घालण्याचें कारण नाहीं; जेथें अर्जदार राहतो तेथील न्यायाधिकरणांतहि अर्ज देतां येतो.

भरपाई कशी मोजली जाते, हें कळलें म्हणजे कागदांचें मोल अधिक पटेल. समजा, अठ्ठावीस वर्षांचा एक वायरमन आहे. स्वतंत्र धंदा करून महिना वीस हजार रुपये मिळवितो. अपघातांत त्याचा पाय कायमचा अधू झाला. डॉक्टरांच्या दाखल्याप्रमाणें त्या पायाचें अपंगत्व शेंकडा ४० व सर्व शरीराच्या मानानें शेंकडा २० भरलें. त्याची कमाईहि शेंकडा वीसनेंच बुडाली असें धरावयाचें काय? २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या प्रश्नाचें उत्तर दिलें, कीं शरीर किती गेलें एवढ्यावर थांबूं नये, त्या माणसाच्या धंद्यांतली शक्ति किती गेली तें पाहावें. खुर्चींत बसून हिशेब लिहिणारा तोच अधू पाय घेऊनहि बरेंचसें काम करूं शकेल. शिडीवर चढणारा वायरमन तें करूं शकणार नाहीं. त्याची वर्षाची कमाई २,४०,००० रुपये. पुढें ती वाढली असती म्हणून, चाळिशीच्या आंतल्या स्वतंत्र धंदेवाइकासाठीं, तींत शेंकडा ४० मिळवितात. ती ३,३६,००० होते. त्याच्या वयाला १७ चा गुणक लागतो. हानि शेंकडा २० धरली, तर ११,४२,४०० रुपये येतात. शेंकडा ६० शाबीत झाली, तर ३४,२७,२००. औषधोपचार, शुश्रूषा व वेदना यांची भरपाई निराळीच. म्हणजे जवळजवळ तेवीस लाखांचें अंतर एका गोष्टीवर अवलंबून राहिलें: तो शिडीवर चढून काम करीत असे, हें कोणीं न्यायाधिकरणापुढें पुराव्यानिशीं सांगितलें कीं नाहीं. गिऱ्हाइकांची साक्ष, बँकेंतल्या नोंदी आणि डॉक्टरांची प्रत्यक्ष जबानी यांचें काम येथें पडतें.

स्वाराकडेहि दोष असेल तर त्या प्रमाणांत भरपाई कमी होते. तथापि एखादा नियम मोडला म्हणजे अपघातच त्यामुळें झाला, असें होत नाहीं. एका गाडीवर तिघे बसले होते एवढ्यावरून त्यांना दोषी धरतां येणार नाहीं, त्या तिघांच्या बसण्यानें अपघात घडला हें दाखविलें पाहिजे, असा निर्णय २०२० सालीं झालेला आहे. धडक देणारें वाहन पळून गेलें व सांपडलेंच नाहीं, तर गंभीर जखमीला पन्नास हजार आणि मृत्यु आल्यास वारसांना दोन लाख रुपये मिळण्याची योजना आहे. त्यासाठीं प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे जावें. आणखी एक गोष्ट विमा उतरवितांनाच पाहून ठेवावी. केवळ सक्तीपुरता स्वस्त विमा घेतला असेल, तर स्वतःच्या गाडीच्या स्वाराचीच चूक झाल्यास मागें बसलेल्या पत्नीला त्या विम्यांतून कांहीं मिळत नाहीं.

शेवटीं वकिलाचा प्रश्न. रुग्णालयाच्या आवारांत, जखमीचे नातेवाईक घाबरलेले असतांना, एखादा गोडबोल्या मनुष्य भेटतो. "खर्च कांहीं नको, मिळालेल्या रकमेंत अमुक टक्के द्या," म्हणतो आणि कोऱ्या वकीलपत्रावर सही घेतो. भरपाईंत टक्केवारीनें वांटा मागणें वकिलीच्या नियमांविरुद्ध आहे, आणि अपघाताच्या भरपाईवरूनच उद्भवलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं तें स्पष्ट केलें. ज्याला फी परवडत नाहीं त्याच्यासाठीं १९८७ चा विधिसेवा प्राधिकरणांचा कायदा आहे. स्त्रिया, मुलें, अपंग व्यक्ति, अनुसूचित जातिजमातींचे लोक, कारखान्यांतले कामगार आणि ठराविक उत्पन्नाच्या आंतील कोणीहि, यांना सरकारी खर्चानें वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारांत या प्राधिकरणाची कचेरी असते. १५१०० या दूरध्वनीवरहि चौकशी करतां येते. लोकअदालतींत तडजोड झाली तर तिच्यावर अपील नाहीं. म्हणून पैसा लवकर मिळतो हें जितकें खरें, तितकेंच एकदां सही झाली कीं मागें फिरतां येत नाहीं हेंहि खरें. पायाची दुसरी शस्त्रक्रिया व्हावयाची असतां केलेली घाईची तडजोड पुढें आयुष्यभर सलते.

मोडलेलें हाड पहिल्या दिवशीं नीट बसविलें नाहीं, तर तें वांकडें जुळतें आणि मग कितीहि निष्णात शल्यवैद्य असो, त्याला तें पुन्हां मोडावें लागतें. अपघाताच्या हकीकतीचेंहि तसेंच आहे. घरांत दुचाकी आहे त्या प्रत्येक घरानें विम्याचा कागद आज एकदां काढून वाचावा, त्याची मुदत पाहावी, आणि तो कोठें ठेविला आहे हें घरांतल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवावें.