तापात रक्तातले सूक्ष्मकण काय सांगतात?

पावसाळ्यात उरण, अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत डेंग्यू, मलेरियाची धास्ती असते. रुग्णाच्या घरी पहिला प्रश्न येतो, "प्लेटलेट किती आल्या?" निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात.

मात्र रक्तात त्यांच्याहूनही बारीक कण असतात. पेशीला इजा झाली की तिच्या आवरणाचे इवले फुगे सुटतात. हेच सूक्ष्मकण, मोठ्यात मोठा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. 1967 साली ब्रिटनमध्ये पीटर वुल्फ यांनी प्लेटलेटमधून सुटणाऱ्या अशा कणांना 'धूळ' म्हटले. पुढे 2004 मध्ये आफ्रिकेतल्या मलावीतील मुलांच्या अभ्यासात, मेंदूच्या मलेरियात रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून सुटलेले कण वाढलेले आढळले.

मोजणी होते फ्लो सायटोमीटरवर. कण एकामागून एक लेसरच्या झोतातून जातात. चमकणारी प्रतिपिंडे चिकटवल्याने कोणता कण कोणत्या पेशीचा, हे कळते. अडचण अशी, की अगदी लहान कण यंत्राला दिसत नाहीत. शिवाय नमुना हिंदकळला, तपासणीला उशीर झाला, तर नळीतच नवे कण तयार होतात. श्रीवर्धनहून मुंबईला नमुना पाठवायचा तर हा मोठाच प्रश्न.

म्हणून ही मोजणी अजून मुख्यतः संशोधनातच आहे. तुम्ही मात्र ताप येताच प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. डॉक्टरांना न विचारता ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका. डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो.